पिकमिन, पागा आणि संध्याकाळची गिनती

उन्हाळ्याच्या सुट्टीहून परत आल्यापासून आमच्या हाऊसमधले ज्युनिअर माझ्यामागे लागले आहेत. "सर, तो रोपट्यांच्या सैन्याचा गेम तुम्ही पूर्ण केला म्हणे. आमचे तर पहिल्याच आठवड्यात सगळे मरतात." हॉस्टेलमध्ये गेम आणता येत नाही आणि लाइट्स आउटनंतर कुजबुजत शिकवायला गेलो तर एक्स्ट्रा ड्रिल ठरलेली. म्हणून मराठी पानासाठी लेख द्या अशी सूचना लागली, तेव्हा हाच विषय घेतला. पालक हे वाचणार आहेत, त्यांना आधीच सांगतो: खेळलो ते सुट्टीत, आणि रोज दोन तासांच्या आत. त्या बाबतीत आईचं घड्याळ आपल्या शाळेच्या बिगुलापेक्षा कडक आहे.

आमचं घर सध्या जयपूरला आहे. मूळ गाव खटाव तालुक्यातलं, पण पप्पा ६१ कॅव्हलरीत दफादार आहेत. ही आपल्या सैन्याची घोड्यावरची रेजिमेंट. १९५३ साली निरनिराळ्या संस्थानांची घोडदळं एकत्र करून ती उभी केली. तिच्यात मराठा, राजपूत आणि कायमखानी असे जवान असतात. त्यामुळे आमच्या क्वार्टर्सच्या रांगेत एका घरी पुरणपोळी, शेजारी दाल-बाटी आणि त्यापलीकडे ईदची शेवई असते, आणि सण कुणाचाही असला तरी डबे तिन्हीकडे फिरतात.

मे महिन्यात जयपूरला दुपारी बाहेर पडता येत नाही. अकरा वाजल्यापासून लू सुरू होते, दारं-खिडक्या बंद करून कूलरसमोर बसायचं. अशा वेळी पुण्याच्या मामेभावाने त्याचा जुना निन्टेन्डो स्विच पाठवला आणि त्यात हा 'पिकमिन' होता. गेम मूळचा २००१ सालचा, शिगेरू मियामोतो यांच्या कल्पनेतला. बागकाम करताना मुंग्यांची रांग बघून ती सुचली असं सांगतात. स्विचवर तो २०२३ मध्ये आला.

गोष्ट साधी आहे. ऑलिमार नावाचा कॅप्टन उल्केच्या धडकेने एका अनोळखी ग्रहावर कोसळतो. यानाचे ३० भाग इकडेतिकडे विखुरलेले असतात. तिथली हवा त्याला विषारी आणि त्याच्याजवळची व्यवस्था ३० दिवस पुरणारी. तो स्वतः अंगठ्याएवढा, एकटा काही उचलू शकत नाही. मदतीला येतात पिकमिन, म्हणजे डोक्यावर पान असलेले, जमिनीतून उपटून काढायचे इवलेसे प्राणी. शिट्टी वाजवली की जमतात, फेकले की लढतात किंवा ओझं उचलतात. एका वेळी मैदानात जास्तीत जास्त १०० उतरवता येतात. बाकीचे 'ओनियन' नावाच्या कांद्यासारख्या घरट्यात राहतात.

आता कामाचं. लाल पिकमिनला आग लागत नाही आणि तो लढाईत सर्वांत जोरदार. पिवळा फेकल्यावर उंच जातो आणि बॉम्ब उचलू शकतो. निळा पाण्यात बुडत नाही, बाकीचे दोन्ही बुडतात. म्हणून ओढा ओलांडायच्या आधी सगळ्यांना मोकळं सोडा. सोडले की ते रंगाप्रमाणे आपोआप वेगळे उभे राहतात, मग फक्त निळ्यांना शिट्टी द्या. मी पहिल्यांदा हे न करता सरळ पाण्यात शिरलो आणि वीस लाल बुडवले. लहान बहिणीने तेव्हापासून एक वही घातली. त्यात ती रोज माझे मेलेले मोजते.

सुरुवातीला लढायची घाई करू नका. आधी सैन्य वाढवा. फुलांवर आकडे लिहिलेल्या गोल चकत्या असतात. १ लिहिलेली एक पिकमिन नेतो, ५ लिहिलेलीला पाच लागतात. लाल चकती लाल ओनियनकडे गेली तर जास्त बिया मिळतात, दुसऱ्या रंगाकडे नेली तर कमी. उपटायचीही घाई नको. जमिनीत थोडा वेळ राहिलेल्या पिकमिनच्या पानाची कळी होते, कळीचं फूल होतं, आणि फूलवाला पानवाल्यापेक्षा जोरात पळतो. फार वेळ ठेवलात तर मात्र फूल गळून पुन्हा पान.

लाल पाठीवर पांढरे ठिपके असलेला बल्बॉर्ब दिवसा झोपलेला असतो. त्याच्या तोंडासमोरून कधीही जायचं नाही. मागून जा, पाठीवर फेका, तो अंग झाडायला लागला की शिट्टी देऊन परत बोलवा, पुन्हा फेका. मेल्यावर त्याला ओनियनकडे न्यायला विसरू नका, त्याच्याही बिया होतात. पिवळ्यांच्या हातात बॉम्ब असेल तेव्हा इतरांना लांब ठेवा. याचं कारण मी सविस्तर सांगत नाही, वहीत लिहिलेलं आहे.

पण खरा शत्रू बल्बॉर्ब नाही, सूर्य आहे. गेममधला दिवस साधारण तेरा मिनिटांचा असतो. पडद्यावर वरच्या बाजूला सूर्य सरकत जातो. मावळताना जे पिकमिन तुमच्याबरोबर किंवा ओनियनजवळ नसतील ते मागे राहतात. यान वर उडतं आणि खाली रात्रीचे प्राणी त्यांच्यावर तुटून पडताना आपल्याला दाखवतात.

नवव्या दिवशी माझं तेच झालं. एक जड भाग ओनियनच्या अगदी जवळ आला होता. तो पोचला की दिवस सत्कारणी, म्हणून माझं सगळं लक्ष तिकडे. भाग पोचला, मी ओरडलो, आणि मग त्रेचाळीस जण दूर भिंत पाडत राहिले आहेत हे बहिणीने दाखवलं. शेवटचे दहा आकडे उलटे मोजले जात होते. ती रडायला लागली. तेवढ्यात पप्पा पागेतून आले. गणवेशाला घोड्याचा आणि गवताचा वास, बुटांवर धूळ. त्यांनी उभ्याउभ्या पडद्याकडे पाहिलं.

"किती नेले होतेस?"

"शंभर."

"परत किती आले?"

मला सांगता येईना. ते काही न बोलता हात धुवायला गेले. जेवताना म्हणाले, "उद्या पाचला उठ. माझ्याबरोबर चल."

पागेत मी आधीही गेलो होतो, पण घोडे बघायला. या वेळी पप्पांचं काम बघायला गेलो. आधी पाणी, मग चंदी, हा क्रम. खरारा करताना हात सगळ्या अंगावरून फिरतो, त्यातच कुठे गरम लागतं, कुठे सूज आहे ते कळतं. प्रत्येक खूर उचलून साफ करायचा. मी विचारलं, सगळे ठीक दिसतायत, मग प्रत्येकाचे चारही पाय कशाला? पप्पा खूर न सोडता म्हणाले, "नाल सैल झाला तर तो येऊन सांगणार आहे का तुला?" त्यांचा स्वतःचा चहा या सगळ्यानंतर. संध्याकाळी जवानांची गिनती होते तेव्हाही कुणी "सगळे आहेत" असं म्हणून चालत नाही.

त्या दिवशी पप्पांनी मला सभासदाच्या बखरीतली शिवाजी महाराजांच्या पागेची रचना विचारली. मी इतिहासात पाठ केलेली होती: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद, म्हणजे पाणी आणि नाल यांची सोय त्याच हिशेबात. परीक्षेत मला ते फक्त आकडे वाटायचे. पंचवीसच का? मला वाटतं, एका माणसाच्या नजरेत मावतील एवढे.

म्हणून दुसऱ्यांदा मी शंभराचे पंचवीस-पंचवीस केले. ज्युनिअर मित्रांनो, हे नक्की करून बघा. पंचवीस लाल माझ्याबरोबर लढायला, पंचवीस ओझ्याला, पंचवीस भिंत किंवा पूल करायला, आणि उरलेले ओनियनजवळ राखीव. राखीव ठेवणं सुरुवातीला फुकट वाटतं. कुणी मेले तर भर घालायला धावत मागे जावं लागत नाही, हे तीन-चार दिवसांनी कळतं. दुसरं म्हणजे, दिवस सुरू होण्याआधी कुठली दोन कामं करायची ते ठरवा. तिसरं दिसलं तरी जाऊ नका. २०२३ मध्येच आलेल्या चौथ्या 'पिकमिन'मध्ये यासाठी 'दांदोरी' हा जपानी शब्द सारखा येतो. कामांची आधीच नीट आखणी करणं, असा त्याचा अर्थ.

आणि तिसरं, सर्वांत महत्त्वाचं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तीन आकडे असतात: तुमच्याबरोबर किती, मैदानात किती, एकूण किती. सूर्य शेवटच्या टप्प्यात आला की पहिला आणि दुसरा आकडा जुळवायला लागा. जुळत नसेल तर कुणीतरी कुठेतरी आहे. भाग अर्ध्या वाटेत असेल तर तिथेच टाका, तो उद्या तिथेच मिळतो. जमिनीत पुरलेले, न उपटलेले पिकमिन रात्री सुरक्षित असतात, त्यांची काळजी नको.

पहिल्या डावात ३० दिवसांत माझे २२ भाग झाले. सुटायला कमीत कमी २५ ठरावीक भाग लागतात. काय झालं ते तुम्हीच हरून बघा. दुसऱ्या डावात २७व्या दिवशी तीसही जमले. वहीतला आकडाही बराच खाली आला होता. मी स्वतःवर खूश होऊन शाळेत परत आलो.

ऑगस्टमध्ये आमची किल्ल्याची पदयात्रा झाली. माझ्याकडे बारा जणांचा सेक्शन होता. उतरताना धुकं होतं, पायऱ्या निसरड्या. खाली आल्यावर मी मोठ्याने विचारलं, "सगळे आले?" सगळे ओरडले, "येस सर!" रस्त्यावर बसजवळ सरांना रिपोर्ट देताना मोजले तर अकरा. सरांबरोबर परत वर गेलो. चाळीस मिनिटं लागली. सातवीतला एक ज्युनिअर शेवटच्या वळणावर दगडावर बसला होता. बुटाचा तळ निघाला होता आणि तो लॅनयार्डने बांधायचा प्रयत्न करत होता. रडत नव्हता. मला बघून उभा राहिला आणि विचारलं, "सर, मी लेट झालो का?"

शिक्षा मिळाली, ती योग्य होती. पण मला सलत राहिलं ते वेगळंच. सुट्टीभर मी गिनतीत पक्का झालो होतो असं समजत होतो. पक्का वगैरे काही झालो नव्हतो. गेममध्ये आकडा कोपऱ्यात लिहिलेला असतो, मी तो फक्त वाचत होतो. किल्ल्यावर कोपऱ्यात कुणी काही लिहीत नाही. आणि "सगळे आले?" या प्रश्नाला जो आलेला नाही तो उत्तर देत नाही, एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

दोन रविवार मी घरी फोनवर हे सांगितलं नाही. तिसऱ्या रविवारी सांगितलं. पप्पा ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी विचारलं, "पोरगं बरं आहे ना?" मग विचारलं, "आता कसा मोजतोस?" मी म्हणालो, प्रत्येकाला नंबर दिलाय, एकापासून बारापर्यंत ज्याचा तोच आवाज देतो, आणि शेवटी मी स्वतः चालत जाऊन बघतो. "बूट?" ते म्हणाले. बूट मी निघण्यापूर्वी बघत नव्हतो. आता बघतो.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा बहिणीने स्वतःचा डाव सुरू केलेला होता. तिच्या वहीत मेलेल्यांच्या रकान्यात १७व्या दिवसापर्यंत फक्त चार, पण यानाचे भागही नऊच. ती सूर्य डोक्यावर आला की शिट्ट्या मारायला लागते आणि सगळ्यांना गोळा करून ओनियनजवळ बसवते. मी तिला सांगितलं की अशाने ३० दिवसांत काही होणार नाही, थोडा धोका घ्यावाच लागतो, पंचवीस जणांना तरी संध्याकाळपर्यंत कामाला लाव. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा दुपारीच शिट्टी मारली.

"अगं, मग ऑलिमार मरेल ना!"

"तो मोठा आहे," ती म्हणाली. "तो बघून घेईल."