‘हा कॅमेरा बंद का करत नाही?’

भयपट पाहून बाहेर आलेल्या माणसाला ‘कसा होता?’ असं विचारून काही हाती लागत नाही. घाबरलेला माणूस ‘ठीक होता’ म्हणतो, कंटाळलेला ‘बरा होता’ म्हणतो, आणि अर्धा वेळ डोळ्यांवर हात धरून बसलेला छायाचित्रणाची तारीफ करतो. मी संकलक आहे. माझ्याकडे येतात ते बहुतेक तुटपुंज्या पैशांतले भयपट, त्यामुळे प्रेक्षकाच्या मतावर माझं पोट चालतं. या भयपटांतली एक जात अशी आहे की तिच्याबद्दलची मतं मी मुद्दाम गोळा करतो: चित्रपट बनवणाऱ्यांवरचा भयपट. चार-पाच जणांचं युनिट शूटिंगसाठी पडक्या बंगल्यात जातं आणि बंगल्यात आधीपासून कुणीतरी राहत असतं, हा त्याचा ठरलेला साचा.

निर्मात्याला हा साचा आवडतो, कारण तो स्वस्त पडतो. लाइट, केबल, ट्रायपॉड, स्पॉटबॉय हे सगळं सेटवर असतंच. तेच पडद्यावर आणायचं. मढचा एखादा जुना बंगला चार दिवस भाड्यानं घेतला की लोकेशन झालं. कुलाब्याची मुकेश मिल १९८२च्या आगीनंतर बंद पडली आणि शूटिंगची जागा बनली. तिथल्या भुतांच्या गोष्टी युनिटची माणसं चहाच्या ब्रेकमध्ये फुकट ऐकवतात. म्हणजे कथाही घरचीच.

माझे परीक्षक विक्रोळीतले. कन्नमवार नगरात राहत असल्यामुळे रफ कट तयार झाला की मी बिल्डिंगमधल्या मंडळींना घरी बोलावतो. गणपतीत रात्रभर भाड्याच्या व्हीसीआरवर सिनेमे पाहिलेली ही पिढी. शेवटचा भयपट पहाटेकडे लागायचा आणि लहान मुलांना मुद्दाम घरी पाठवलं जायचं. पुढे १९९३मध्ये केबलवर ‘झी हॉरर शो’ आला. त्यामुळे रबरी मुखवटा, लाल बल्ब, कोरड्या बर्फाचा धूर यांचं या लोकांना वावडं नाही. स्वस्तपणाला ते हसतात, पण रागावत नाहीत. ते कशाला रागावतात हे शोधण्यात माझी बरीच वर्षं गेली.

उत्तर दिलं गोदरेजच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी. पडद्यावर नायक किंचाळत जिना उतरत होता आणि हे सगळं त्याच्याच हातातल्या कॅमेऱ्यातून दिसत होतं. काका म्हणाले, “अरे, हा कॅमेरा बंद का करत नाही? जीव घेऊन पळणारा माणूस आधी हातातलं ओझं टाकतो.” मुखवटा, रक्त, अभिनय यांतल्या कशावरही त्यांचा आक्षेप नव्हता. पुढे अनेक चित्रपटांच्या बाबतीत मी हे ताडून पाहिलं. ‘खोटं वाटतं’ ही प्रेक्षकाची तक्रार क्वचितच पैशांबद्दल असते. कॅमेरा कुणी धरलाय आणि का धरलाय, हे त्याला पटलेलं नसतं.

या प्रश्नाचं नीट उत्तर देणारा चित्रपट म्हणजे १९९९चा ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’. डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांनी तो अमेरिकेत मेरीलँडच्या जंगलात जेमतेम आठवडाभरात चित्रित केला. चेटकिणीवर माहितीपट काढायला गेलेले तीन विद्यार्थी हरवतात, एवढीच गोष्ट. त्यातला एक जण कॅमेरावाल्या मुलीला सांगतो की तुला हे यंत्र का सुटत नाही ते आता कळलं. त्यातून पाहिलं की समोरचं पुरतं खरं वाटत नाही. कॅमेरा चालू राहण्याचं याहून पटण्याजोगं कारण मला आजवर सापडलेलं नाही. तरीही अमेरिकेत चित्रपटगृहाबाहेर प्रेक्षकांचा कौल घेणाऱ्या सिनेमास्कोर या संस्थेनं नोंदवलेली त्याची श्रेणी होती ‘सी प्लस’. हलत्या कॅमेऱ्यानं अनेकांना मळमळलं, आणि शेवटपर्यंत चेटकीण न दिसल्यानं अनेकांना फसवल्यासारखं वाटलं. कमाई मात्र जगभरात सुमारे २५ कोटी डॉलर झाली. लोक नाराज होऊन बाहेर पडत होते आणि दुसऱ्यांना आत पाठवत होते.

ओरेन पेली या दिग्दर्शकानं ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’त कॅमेरा हातातून काढून स्वतःच्याच घराच्या बेडरूममध्ये ट्रायपॉडवर ठेवला. माणसं झोपतात, कोपऱ्यातली वेळ भराभर पळते, आणि एकाएकी आकडे संथ होतात. दोन-तीन रात्रींत प्रेक्षक शिकतो की आकडे संथ झाले म्हणजे काहीतरी होणार. मग तो दार, चादर, सावली असं स्वतःच चाचपत बसतो. संकलनाची ही कमाल आहे, आणि तिला पैसा जवळपास लागतच नाही. २००९मध्ये मोठ्या प्रमाणावर प्रदर्शित करताना त्याच्या जाहिरातीत चित्रपटापेक्षा अंधारात दचकणारा प्रेक्षकच जास्त दाखवला. प्रेक्षकाचं मत शब्दांत विचारण्यापेक्षा त्याचा चेहरा टिपावा, हे त्या जाहिरातवाल्यांना नेमकं कळलं होतं.

आपल्याकडे हे फार आधी रामसे बंधूंना कळलं होतं. त्यांच्या वडिलांनी काढलेला ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ १९७०मध्ये आपटला. पण भेसूर मुखवटा घालून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूर यांच्या प्रसंगाला थिएटरमध्ये प्रेक्षक सावरून बसतात, हे मुलांनी हेरलं. पडलेल्या चित्रपटातला तेवढाच तुकडा उचलून १९७२मध्ये महाबळेश्वरला ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ घडला, आणि हिंदीत स्वस्त भयपटांची एक वाटच तयार झाली. कुणालाही प्रश्न न विचारता केलेली अशी प्रेक्षक-पाहणी मला दुसरी माहीत नाही.

आता आपल्या साच्याचं जवळचं उदाहरण. ‘रागिनी एमएमएस’ १३ मे २०११ला आला. पवन कृपलानी यांचा हा चित्रपट. त्यातला नायक राजकुमार राव तेव्हा राजकुमार यादव या नावानं काम करत होता. आडबाजूच्या एका घरात छुपे कॅमेरे आधीच बसवलेले आहेत आणि मुलासोबत तिथं आलेल्या रागिनीला त्याचा पत्ता नाही. कॅमेरा का चालू आहे, याचं उत्तर इथं भुताच्याही आधी अंगावर येतं: मुलानं तिला फसवलंय. शिवाय हे भूत मराठी आहे. ‘मी चेटकीण नाही’ असं ते पुन्हा पुन्हा सांगतं. इतरांना तो नुसता भेसूर आवाज असेल, आमच्या घरात मात्र वाक्य कळलं आणि बायकांनी भुताचीच बाजू घेतली. “तिला कुणी ठरवलं चेटकीण?” असं एका मावशींनी विचारलं. करणी-जादूटोणा करते असा आळ घेऊन एखाद्या बाईला छळणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरला. मावशींचा प्रश्न चित्रपटापेक्षा मोठा होता, आणि त्याला चित्रपटाकडे पुरतं उत्तर नव्हतं.

दुसरा भाग २०१४मध्ये आला आणि तो तर उघडच चित्रपट बनवणाऱ्यांवर आहे: रागिनीच्या हकिकतीवर सिनेमा काढायला एक दिग्दर्शक युनिट घेऊन त्याच घरात जातो. कल्पना पहिल्या भागाहून धारदार. एका मुलीच्या यातनांवर धंदा करायला निघालेल्यांना भूत धरतं. पण छुप्या कॅमेऱ्याची नजर सोडून दिली. पडद्यावर कॅमेरे दिसतात, आपण पाहतो मात्र नेहमीच्या गुळगुळीत शॉटमधून. परिणाम असा की आमच्याकडे या चित्रपटाबद्दल विचारलं तर ‘बेबी डॉल’ हे गाणं सगळ्यांना आठवतं आणि भीतीची एकही जागा कुणाला सांगता येत नाही. माझ्या मते प्रेक्षकांचा हा निकाल रास्त आहे.

उलट असीम अहलुवालिया यांचा ‘मिस लव्हली’ घ्या. १९८०च्या दशकातल्या मुंबईत भय आणि मादकपणा यांची भेसळ करून चित्रपट विकणाऱ्या दोन भावांची ती कथा. २०१२मध्ये कान महोत्सवाच्या ‘अं सर्तें रगार’ विभागात त्याची निवड झाली, पण आपल्या थिएटरांत यायला जानेवारी २०१४ उजाडलं. त्यात भूत नाही. घरच्या मंडळींना तो संथ वाटला. मी मात्र माझ्या धंद्यातलं खरं भय तिथं पाहिलं: उधारी, दलाल, आणि ज्या मुलीच्या नावावर चित्रपट विकायचा तिची कुणालाच नसलेली पर्वा.

प्रेक्षकाचं मत मध्यावरच मागितलं तर काय होतं, याचा धडा जपानच्या ‘वन कट ऑफ द डेड’नं दिला. शिनिचिरो उएदा यांचा हा चित्रपट ३० लाख येनमध्ये झाला. सुरुवातीची ३७ मिनिटं एकाच अखंड शॉटची: मृतदेहांच्या हल्ल्यावर चित्रपट काढणाऱ्या युनिटवर खरेच मृतदेह चालून येतात. अभिनय कच्चा, मध्येच विचित्र शांतता, कॅमेरा जमिनीवर पडून राहतो. आमच्याकडे विसाव्या मिनिटाला दोघांनी मोबाइल काढले. पुढे काय होतं ते सांगणार नाही. एवढंच सांगतो की त्या ३७ मिनिटांतल्या प्रत्येक चुकीला कारण आहे, आणि ते कळल्यावर मोबाइलवाले दोघं हसता हसता रडले. कॅमेरा बंद का करत नाहीत, हा काकांचा प्रश्नच त्या चित्रपटाचा कणा आहे. २०१८मध्ये जपानमधल्या दोन चित्रपटगृहांतून सुरू झालेल्या या चित्रपटानं पुढे ३०० कोटी येनहून अधिक कमाई केली, खर्चाच्या हजारपट. त्याचा फ्रेंच अवतार २०२२च्या कान महोत्सवाचा उद्घाटनाचा चित्रपट होता.

म्हणून वाचकांना एक विनंती. यंदाच्या सुट्टीत कधीही नाव न ऐकलेला एखादा छोटा भयपट हाती लागला, तर तो शेवटपर्यंत पाहा. आवडला नाही तर खुशाल नावं ठेवा. पण ‘बकवास’ म्हणून सोडून देऊ नका. कुठल्या जागी विश्वास उडाला, कुठे हसू आलं, कुठे मोबाइल काढावासा वाटला, तेवढं सांगा. ‘बकवास’ या शब्दावरून आम्हाला काहीच दुरुस्त करता येत नाही; ‘जिन्याच्या शॉटला त्यानं कॅमेरा टाकायला हवा होता’ या वाक्यावरून अख्खा चित्रपट सुधारता येतो.