जालन्याहून लोणारकडे: जुन्या वाटाड्या ग्रंथांच्या सोबतीने

जालन्याहून लोणारच्या सरोवराकडे जाणारा रस्ता वाटूर फाट्यावरून मंठ्यापर्यंत आग्नेयेला उतरतो आणि तिथून उत्तरेकडे वळतो. दुतर्फा कापूस, सोयाबीन आणि तुरीची काळी राने लागतात, आणि जालना जिल्ह्याची हद्द संपताच प्रवासी मराठवाड्यातून विदर्भात, म्हणजे जुन्या भाषेत मोगलाईतून (निजामाच्या मुलखातून) वऱ्हाडात, शिरतो. या हद्दीने जमिनीपेक्षा ग्रंथांची फाळणी अधिक केली आहे. निजामाशी झालेल्या 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, त्यामुळे लोणारचे वर्णन लायल या इंग्रज अधिकाऱ्याने सिद्ध केलेल्या 1870 च्या वऱ्हाड गॅझेटियरकडे गेले, तर जालना 1884 च्या औरंगाबाद गॅझेटियरमध्ये राहिले. गॅझेटियर म्हणजे एखाद्या मुलखाचा भूगोल, महसूल, इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळे यांचा सरकारी कोश. पण एकाच दिवसाच्या वाटेसाठी दोन कोश उघडावे लागावेत, ही सोय राज्यकर्त्यांची होती, वाटसरूची नव्हे.

जालना शहरात काळी मशीद आणि मोती तलाव पाहताना अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फझल याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे, कारण दख्खनच्या मोहिमेवर असताना त्याचा मुक्काम काही काळ येथे होता असे गॅझेटियरकार सांगतात. त्याने ‘आईन-इ-अकबरी’त, म्हणजे अकबराच्या राज्यव्यवस्थेच्या बृहद्ग्रंथात, वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारला स्वतंत्र जागा दिली आहे: ब्राह्मण या स्थळाला विष्णुगया म्हणतात, सरोवर लांबीरुंदीने कोसभर असून उंच डोंगरांनी वेढलेले आहे, पाणी खारट आहे, आणि काच, साबण व सोरा यांच्या उत्पादनातून चांगला महसूल मिळतो. डोंगरावरील झऱ्याच्या मुखाशी बैलाची आकृती कोरलेली असून सोमवती अमावस्येलाच त्याचा प्रवाह सरोवराला मिळतो, असेही तो नोंदवतो. आज याच झऱ्याची, म्हणजे गोमुखाची, बारमाही धार पाहणाऱ्याला ही नोंद ऐकीव वाटेल, आणि ती बहुधा ऐकीवच असावी, कारण हा ग्रंथ तो दख्खनेत येण्यापूर्वीच, सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, आकाराला आला होता. तरीही खाऱ्या पाण्याची आणि महसुलाची त्याची माहिती खरी आहे; उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर जमणाऱ्या क्षारांचे डल्ला, पापडी, भुस्की असे प्रकार पाडून त्यांचा व्यापार पुढे इंग्रजी अमलातही चालू राहिला.

याहून जुनी आणि खऱ्या अर्थाने वाटाडी म्हणावी अशी परंपरा महानुभाव पंथाची आहे. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या भ्रमंतीतील लोणारचा मुक्काम तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त येतो, आणि त्यांच्या चरणांकित जागा नेमक्या कुठे आहेत हे सांगण्यासाठी पुढच्या शतकात ‘स्थानपोथी’ तयार झाली. गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ, त्याचे दार कोणीकडे, स्वामी बसले तो ओटा कोठे, एवढेच ती कोरडेपणाने सांगते, आणि तिचे मोल याच कोरडेपणात आहे. जालना जिल्ह्यातही भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव हे स्थान महानुभाव यात्रेकरूंना आजही खेचते. याच्या तुलनेत इंग्लंडच्या सरोवरप्रदेशासाठी टॉमस वेस्टने 1778 मध्ये लिहिलेले मार्गदर्शक पुस्तक प्रवाशाने कोठे उभे राहून देखावा पाहावा ते सांगते. स्थानपोथीला देखाव्याशी कर्तव्यच नाही, तिला नमस्कार कोठे करायचा एवढे सांगायचे आहे.

गोमुखावरून काठाकडे उतरणाऱ्या प्रवाशाला ही सर्व वर्णने एकमेकांवर पडताळता येतात. गावातील दैत्यसूदनाचे देऊळ लवणासुराच्या वधाची कथा सांगते, कमळजा देवीच्या देवळाजवळची सासू-सुनेची विहीर एका बाजूने गोड व दुसऱ्या बाजूने खारी म्हणून प्रसिद्ध आहे, आणि भोवतालचा सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा कडा बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचा, आहे. हे विवर ज्वालामुखीचे की उल्काघाताचे, हा वाद दीर्घकाळ चालला आणि 1973 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो उल्कापाताच्या बाजूने झुकला. त्याआधी ज्वालामुखीची बाजू घेणाऱ्या पुस्तकांतील कारणमीमांसा त्यामुळे जुनी झाली, पण दिशा, देवळे आणि पाण्याच्या चवीबाबत ती पुस्तके अजूनही उपयोगी आहेत. 2020 मध्ये सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तेव्हा जालन्याहून निघणाऱ्याने 1870 आणि 1884 चे दोन्ही खंड आधी चाळावेत आणि शक्य असल्यास स्थानपोथीची संपादित प्रत पिशवीत ठेवावी.