हवा गार आहे, पण ताजी आहे का?

ऑफिसात एअरकंडिशन आहे म्हटलं, की आपल्याला थोडा हेवाच वाटतो, नाही का? आम्हा विठ्ठलवाडीकरांना तर जरा जास्तच. वालधुनीचा वास खिडकीतून आत आला, की हवा बिघडल्याचं कुणी सांगावं लागत नाही. बंद काचेआडच्या गार हवेला मात्र वास नसतो, म्हणून ती चांगलीच असणार, असं आपण धरून चालतो.

माझी धाकटी जाऊ मुंबईत एका ऑफिसात नोकरी करते. गेल्या वर्षी रोज दुपारी तीनच्या सुमाराला तिचं डोकं जड व्हायचं, डोळे चुरचुरायचे, घसा कोरडा पडायचा. रात्री घरी आली की बरं वाटायचं, रविवारी तर काहीच नाही. सासूबाई म्हणू लागल्या, "घर आणि नोकरी, दोन्ही झेपत नाही तिला. सोडून दे म्हणावं." भावजींनाही ते पटू लागलं होतं. बारा वर्षांची नोकरी सुटायची वेळ आली, ती डोकेदुखीपायी!

पण मैत्रिणींनो, त्या रविवारातच उत्तर होतं. इमारतीत शिरलं की सुरू होणारा आणि बाहेर पडलं की थांबणारा त्रास बहुधा त्या इमारतीचाच असतो. 1973 च्या तेलटंचाईनंतर पाश्चात्त्य देशांत इंधन वाचवायला इमारती घट्ट बंद करू लागले आणि अशा तक्रारी वाढल्या. जागतिक आरोग्य संघटनेनेही 1980 नंतरच्या दशकात त्यांची दखल घेतली.

आपला नेहमीचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो. ताज्या हवेची सोय निराळी करावी लागते. ती नसली, की उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साठत जातो. बाहेरच्या हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 420 भाग असतो. खोलीत तो 1000 च्या वर गेला तर हवा शिळी समजावी, ही खूण म्युनिकच्या पेटेनकोफर यांनी 1858 मध्येच सांगून ठेवली आहे. प्लायवुडमधला फॉर्माल्डिहाइड, गालिच्यातली धूळ, न धुतलेल्या फिल्टरवरची बुरशी यांची भर वेगळीच.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे हजेरीची सवय. जावेला म्हटलं, "वही घाल." तिने आणि चार मैत्रिणींनी दोन आठवडे लिहून ठेवलं: त्रास कुणाला, किती वाजता, कुठल्या टेबलाशी. वर्गणी काढून कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्रही आणलं. सकाळी 600, दुपारी 1900! वही साहेबांपुढे गेली. तपासलं तेव्हा कळलं, की बाहेरची हवा आत घेणारी झडप वीजबिल वाचावं म्हणून बंद ठेवलेली होती. ती उघडली, फिल्टर धुतले. आता नोकरी सोडायचा विषय घरात निघत नाही.

तुमच्याही घरी सून, लेक किंवा 'हे' डोकं धरून आले, तर बाम जरूर लावा, पण तीन प्रश्नही विचारा. सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का? शेजारच्या टेबलांवरही हाच त्रास आहे का? आणि तिथे बाहेरची हवा आत येते कुठून? सुट्टीतही दुखणं थांबत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. "झेपत नाही" हे म्हणायची घाई कशाला?