बापाचं भय

कॉर्मॅक मॅकार्थी या अमेरिकन लेखकाची ‘द रोड’ ही कादंबरी 2006 साली आली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. जग जळून गेलेलं आहे. का जळलं, ते लेखक सांगत नाही. राखेनं भरलेल्या रस्त्यावरून एक बाप आणि त्याचा लहान मुलगा समुद्राच्या दिशेनं चाललेत. दोघांनाही नावं नाहीत. सामान ढकलायची एक गाडी, ताडपत्री, थोडे डबे आणि एक पिस्तूल, एवढाच संसार. माणसं खाणाऱ्या टोळ्यांच्या हाती लागायची वेळ आली तर पिस्तुलाचं काय करायचं, हेही बापानं पोराला शिकवून ठेवलंय. ते पान वाचून मी पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवलं होतं.

ही कादंबरी मी मुलाच्या आग्रहानं वाचली, पण वाचताना मन भिवंडीतच फिरत राहिलं. मार्च 2020 मध्ये लूम बंद पडले, बिशीतल्या चुली विझल्या आणि उत्तर प्रदेश-बिहारकडचे कामगार नाशिकच्या रस्त्यानं पायी निघाले. मेच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरची श्रमिक गाडी सुटली, पण तोवर कितीतरी बाप खांद्यावर पोर घेऊन चालू पडले होते. तिथं रस्त्याकडेला कुणी खिचडी वाटत होतं, कुणी चपला. पुढं जूनमध्ये शांतीनगरच्या मक्का मशिदीत रुग्णांसाठी ऑक्सिजनची सोय झाली.

हे झालं चांगलं. त्याच दिवसांत आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी खोकलं की शेजारची दारं लागायची. कारण विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच: घरात लहान मुलं आहेत. खोटं कुणीच बोलत नव्हतं. माणूस स्वतःसाठी दार लावताना थोडा तरी शरमतो, पोरासाठी लावताना शरमत नाही.

मॅकार्थीच्या बापाचंही हेच आहे. वाटेत एक म्हातारा भेटतो; त्याला खायला द्यावं म्हणून मुलगा हट्ट धरतो, बाप नाइलाजानं देतो. एक लहान मुलगा दिसल्यासारखा वाटतो. त्याला सोबत घेऊ म्हणून पोर रडतं, बाप त्याला ओढत नेतो. किनाऱ्यावर एक चोर त्यांचं सामान पळवतो. बाप त्याला गाठून अंगावरचे कपडे, चपलासुद्धा काढून घेतो. पोराचं रडणं थांबत नाही. बाप पोराचा जीव वाचवतोय आणि पोर बापाची माणुसकी, असं काहीसं चाललेलं असतं.

शेवटी बाप मरतो. तीन दिवस पोर त्याच्याजवळ बसून राहतं. मग एक माणूस येतो. त्याला बायको आहे, दोन मुलं आहेत, ते या पोराला आपल्यात घेतात. त्याच्या बोलण्यावरून कळतं की या बापलेकांच्या मागं यावं की नाही, याची त्यांच्यात चर्चा झाली होती. म्हणजे चांगली माणसं जवळपासच होती. बापाच्या भयानं ती पोरापर्यंत पोहोचू दिली नव्हती.

तरी त्या बापाला चुकला म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी 1984 ची भिवंडी पाहिली आहे.

त्या मे महिन्यात मी दहा वर्षांचा होतो, धाकटा भाऊ पाच. दंगल भडकली त्या दिवशी अब्बांनी मला आपल्याजवळ ठेवलं आणि धाकट्याला पद्मानगरला, त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका तेलुगू मास्तरांच्या घरी पोहोचवलं. अम्मी दारात आडवी झाली होती. अब्बा म्हणाले, “आग कोणत्या बाजूनं येईल सांगता येत नाही. एक तरी उरेल.” पोर छातीशी धरून बसणं ही माया, हे मी पुस्तकांत वाचलंय, अब्बांनी नेमकं उलट केलं. आणि ठेवलं कुठं, तर ज्या बाजूची भीती होती त्याच बाजूला. मास्तरांच्या घरात तीन मुलं होती. त्यांनाही म्हणता आलं असतं की घरात लहान मुलं आहेत.

नूह अलैहिस्सलाम यांनी किश्तीतून मुलाला हाक मारली आणि मुलानं डोंगर निवडला, हा किस्सा आपल्या घराघरांत सांगतात. पैगंबर असूनही बापाला पोर वाचवता आलं नाही. मी त्या दिवसांनंतर तो किस्सा ऐकताना अब्बांकडे बघायचो.

पुढं 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथं मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, दोन्ही बाजूंची माणसं एका सतरंजीवर बसवली. 1992-93 ला मुंबई जळली, भिवंडी शांत राहिली. तेव्हा मास्तर आणि अब्बा कमिटीच्या बैठकांना एकत्रच जायचे.

धाकटा आठव्या दिवशी परत आला तो तेलुगूत दहापर्यंत आकडे शिकून. सगळ्यांना मोजून दाखवायचा. अम्मीनं मास्तरांच्या घरी आयुष्यभर ईदचा शीरखुर्मा पाठवला, पण अब्बांना माफ केलं नाही. “वाचला म्हणून तुमचं बरोबर ठरलं,” एवढंच म्हणायची. अब्बा त्यावर काही बोलत नसत. आमच्या घरी आजही हा विषय निघाला की माझी बायको अम्मीची बाजू घेते.