उभ्या गाडीचा हिशेब

स्वतःची गाडी घ्यावी का, असं विचारणारा ड्रायव्हर बहुधा चालत्या गाडीचा हिशेब मांडून आलेला असतो. इतक्या फेऱ्या, इतकं भाडं, त्यातून डिझेल वजा, टोल वजा, हप्ता वजा, उरलं ते आपलं. हा हिशेब चुकीचा नसतो, अर्धा असतो. मुंबईच्या पवईत जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर आयआयटीच्या फाटकापासून गांधीनगरच्या नाक्यापर्यंत संध्याकाळी जी रांग लागते, तिच्यातल्या मालगाड्यांकडे पाहिलं की राहिलेला अर्धा हिशेब समोर येतो. त्या रांगेत पगारी ड्रायव्हर आणि गाडीचा मालक असलेला ड्रायव्हर शेजारी शेजारी उभे असतात. क्लच दाबून दोघांचे पाय सारखेच भरून येतात. पण त्या तासाभरात एकाचा पगार चालू असतो आणि दुसऱ्याचा हप्ता. गाडी घेणारा माणूस इंजिन, चाकं आणि हौदा तर घेतोच, पण गाडी उभी राहण्याचा सगळा खर्चही त्याच दिवशी आपल्या नावावर करून घेतो. गाडी घ्यायची की नाही हे या खर्चाकडे बघून ठरवावं, असं मला वाटतं.

एक उदाहरण मांडू. समजा, मध्यम आकाराच्या ट्रकसाठी १२ लाखांचं कर्ज काढलं, ११ टक्के व्याजानं, ५ वर्षांच्या मुदतीचं. हप्ता महिन्याला साधारण २६,१०० रुपये बसतो, आणि कर्ज फिटेपर्यंत सुमारे साडेपंधरा लाख भरलेले असतात. गाडी भिवंडीजवळच्या गोदामातून पवईला माल आणते, जाऊन-येऊन ६० किलोमीटर. लिटरला ८ किलोमीटर धरले आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर एका फेरीचं डिझेल ६७५ रुपयांचं. महिन्याचे कामाचे दिवस २५. दिवसाला दोन फेऱ्या झाल्या तर प्रत्येक फेरीवर हप्त्याचा बोजा ५२२ रुपये पडतो, एकच झाली तर १,०४४. डिझेलचा आकडा फेरीमागे जवळपास तोच राहतो, हप्त्याचा दुप्पट होतो. विमा, कर, पासिंग यांचंही तसंच. त्यांना गाडी चालली की उभी राहिली याच्याशी देणंघेणं नाही. ड्रायव्हर मंडळी डिझेलच्या भावावर तासन्‌तास बोलतात, आणि ते साहजिकही आहे, कारण २०१४ साली सरकारी नियंत्रण उठल्यापासून तो भाव आपल्या हातात तर नाहीच, अंदाजातही राहिलेला नाही. पण या उदाहरणात मालकाला बुडवण्याची ताकद डिझेलच्या चार-पाच रुपयांपेक्षा हुकलेल्या दुसऱ्या फेरीत जास्त आहे.

दुसरी फेरी का हुकते, हे पवईपुरतं तरी नीट सांगता येतं. २०१८ पासून याच रस्त्यावर मेट्रो ६ चं काम चालू आहे, त्यामुळे रस्ता जागोजागी अरुंद झाला. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत अवजड वाहनांवर निर्बंध असतात, म्हणजे मधल्या वेळातच आत येऊन बाहेर पडायचं. सोसायटीच्या फाटकावर नोंद, मग लिफ्ट मोकळी होण्याची वाट, मग माल उतरवणारी माणसं. माथाडी कायदा १९६९ चा आहे आणि हमालाच्या घामाला त्यानं जे संरक्षण दिलं त्याबद्दल मला आदरच आहे. पण उतरणावळीचा भार वाराईच्या नावाखाली गाडीवाल्यावर टाकला जातो, तेव्हा ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची मागणी रास्त ठरते. माल ज्यानं मागवला तो वरच्या मजल्यावर असतो आणि पैशांची घासाघीस खाली ड्रायव्हरशी चालते. घड्याळ मात्र गाडीचं फिरत असतं.

याहून मोठी अडचण परतीच्या भाड्याची आहे. साकीनाका, चांदिवली, साकीविहार रस्ता हा सगळा पट्टा एके काळी माल बनवणारा होता. कारखान्यांच्या जागी हळूहळू कार्यालयं आणि निवासी मनोरे आले. गोदामं भिवंडीकडे वाढली, कारण तो भाग मुंबई महापालिकेच्या जकातीच्या हद्दीबाहेर होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली, पण गोदामं तिथंच राहिली. आज पवई माल घेते आणि फारसा देत नाही. फरशा, फर्निचर, किराणा, फ्रिज, पाण्याचे जार आत येतात. बाहेर जातं ते भंगार, डेब्रिज आणि घर बदलणाऱ्यांचं सामान. म्हणजे भरून आलेली गाडी बहुधा रिकामी परतते आणि एका बाजूच्या भाड्यात दोन्ही बाजूंचं डिझेल काढावं लागतं. मोठ्या कंपनीच्या दहा गाड्यांपैकी दोन रिकाम्या परतल्या तर बाकीच्या आठ त्यांना सांभाळून घेतात. एकच गाडी असलेल्याला सांभाळून घेणारं कोणी नसतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली, अवजड ट्रकला नाही. रिकामा ट्रकही तो टोल भरतोच.

आता मालकाच्या स्वतःच्या मेहनतीकडे येतो, कारण या धंद्यातली सर्वांत वाईट चूक तिथं होते. महिनाअखेरीस वीस-बावीस हजार उरले की मालक त्याला नफा म्हणतो. तो नफा नसतो. दुसऱ्याच्या गाडीवर बसला असता तर जो पगार मिळाला असता तो त्यातून आधी वजा करायला हवा. बहुतेक वेळा मागे काहीच उरत नाही, कधी उणे होतं. आयकर कायद्यातली छोट्या वाहतूकदारांसाठीची सवलतीची तरतूद पाहा: १२ टनांपर्यंतच्या गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न गृहीत धरायचं, त्याहून जड गाडीला एकूण वजनाच्या प्रत्येक टनामागे १,००० रुपये. ही करमोजणीची सोय आहे, कमाईचं मोजमाप नव्हे, हे मान्य. तरीही ७,५०० हा आकडा ड्रायव्हरच्या पगाराशेजारी ठेवून बघण्यासारखा आहे. कामाच्या तासांचंही तेच. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पण ती नोकरीवर ठेवलेल्या कामगारासाठी होती. स्वतःची एकुलती एक गाडी स्वतःच चालवणाऱ्याचे तास मोजणारं कोणी नाही. तो १४ तास चालवतो आणि त्यातले सहा तास फुकट गेले हे त्याच्या कोणत्याच कागदावर येत नाही. मालक आणि चालक ही एकच व्यक्ती असू शकते याची ठळक दखल मला विम्याच्या कागदात दिसते: मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, १५ लाखांचा. त्याच्या मरणाची किंमत कागदावर लिहिलेली आहे, त्याच्या दिवसाची नाही.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: एका गाडीवरून मोठे झालेले लोक आहेतच की. आहेत. वाहतूक उद्योजक विजय संकेश्वर यांनी १९७६ मध्ये सीमेपलीकडे गदगला एका ट्रकनं सुरुवात केली आणि पुढे देशभर गाड्या धावल्या. पण तो काळ १९३९ च्या मोटार वाहन कायद्याचा होता. परमिट मिळवणं अवघड होतं, आणि ज्याच्या हाती ते पडलं त्याला त्या टंचाईचाच आधार असे. १९८८ च्या कायद्यानं मालवाहतुकीचे परवाने मोकळे केले. एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला तर परमिटही लागत नाही. २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती आला, तेव्हा थोड्या भांडवलात चारचाकी मालगाडीचं मालक होण्याची वाट हजारो घरांना मिळाली. ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र जी वाट आपल्याला सोपी ती शेजाऱ्यालाही सोपी, आणि त्याच चौकात त्याच भाड्यासाठी दहा गाड्या उभ्या राहिल्या की दर ठरवण्याची ताकद गाडीवाल्याकडून मालवाल्याकडे जाते.

दुसरा आक्षेप अ‍ॅपचा. आता फोनवर भाडं मिळतं, मग पार्टी शोधायची गरज काय? गाडी उभी राहण्याचा वेळ अ‍ॅपमुळे थोडा कमी होतो, हे नाकारत नाही. पण भाड्याचा दर मालकाच्या हातात राहत नाही, आणि ग्राहक मालकाचा होत नाही. पाच वर्षं हप्ता भरून शेवटी गाडी आपली झाली, ओळख एकाही दुकानदाराशी झाली नाही, असं होण्याचा धोका त्यात आहे.

तिसरा आक्षेप मानाचा आहे आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. पगारी ड्रायव्हरला गोदामात बसायला खुर्ची मिळत नाही, शौचालय वापरू देत नाहीत, उशीर कुणाचाही असो, बोलणी त्यालाच बसतात. जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे ड्रायव्हर स्टिअरिंग सोडून उतरले. निमित्त अपघातानंतर पळून जाण्याबद्दलच्या नव्या शिक्षेचं होतं, पण त्यामागे हा साठलेला अपमानही होता असं मी मानतो. स्वतःच्या गाडीच्या काचेवर मुलांची नावं लिहावीत असं अशा माणसाला वाटलं, तर त्यात खोटं काही नाही. पण त्याच फाटकावर मालक-ड्रायव्हरला तरी वेगळी वागणूक कुठे मिळते? पहारेकरी आरसी बुक बघून बोलत नाही. उलट भाड्याची अर्धी रक्कम पोच दिल्यावर, तीही महिना-दोन महिन्यांनी मिळणार असेल, तर मालकालाच वारंवार फोन करून आर्जवं करावी लागतात. उद्यम नोंदणी करून घेतली तर ४५ दिवसांत पैसे देण्याचं कायद्याचं बंधन दाखवता येतं. ती नोंदणी प्रत्येकानं करावी.

मग गाडी घेऊच नये का? घ्यावी, पण माल आधी आणि गाडी नंतर. चांदिवलीतल्या एखाद्या फरशीवाल्याकडे, एखाद्या केटररकडे, एखाद्या घाऊक किराणावाल्याकडे जो ड्रायव्हर वर्षानुवर्षं जातो, त्याला ठाऊक असतं कोण गाडी तासात मोकळी करतो आणि कोण दुपारभर ताटकळत ठेवतो. असे दोन-तीन जण महिन्याचं काम बांधून द्यायला तयार असतील, ठरलेल्या वेळेनंतर हॉल्टिंग द्यायला कबूल असतील, रात्री गाडी लावायला जागा ठरलेली असेल (पवईत ट्रक टर्मिनल नाही, वडाळा, वाशी, कळंबोली इथं आहेत, म्हणजे रोज तेवढा फेरा), आणि तीन महिन्यांचे हप्ते बाजूला असतील, तर मी हो म्हणेन. यातलं काहीच नसेल आणि फक्त हात गाडीवर चांगला बसलेला असेल, तर अजून एक वर्ष दुसऱ्याची गाडी चालवावी. ते वर्ष वाया जात नाही, कारण लागणारी माहिती त्याच गाडीवर बसून गोळा होते. डॅशबोर्डवर एक वही ठेवावी आणि प्रत्येक फेरीला चार गोष्टी लिहाव्यात: गाडी फाटकावर किती वाजता लागली, किती वाजता रिकामी झाली, परतीला काय मिळालं आणि भाड्याचे पैसे शेवटी कोणत्या तारखेला हातात आले. चौथी गोष्ट ड्रायव्हरला सहसा कोणी सांगत नाही. ती मालकाला विचारून घ्यावी.