दादांची चेतक आणि दोन ऑइल सील

मोसंबीची बाग ताणावर सोडलीय, त्यामुळं थोडे दिवस हात मोकळे आहेत. म्हणून आज पिकाचं काही नाही. गोठ्यात कडब्याच्या आडोशाला अकरा वर्षं पडून असलेली दादांची बजाज चेतक बाहेर काढली. १९८७ चं मॉडेल. तेव्हा नंबर लावून किती वाट बघावी लागायची ते जुन्या माणसांना माहीत आहे.

किक जाम होती. प्लग काढून भोकातून डिझेल सोडलं, चार दिवस तसंच ठेवलं, मग हलली. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची कामं मी घरीच करत आलोय, त्यामुळं खोलायची भीती नाही. खोलल्यावर मात्र डोकं चालवावं लागतं, कोणता पार्ट परत घालायचा आणि कोणता टाकायचा.

दादा ८१ वर्षांचे. बाजेवर बसून बघत होते. म्हणाले, "आहे तेच घाल रे. मला आता कुठं मोंढ्यावर जायचंय तिच्यावर?"

आधी ब्लॉक बघितला. सायलेन्सरच्या बाजूला दोन उभे ओरखडे, नखाला लागतात असे. मायक्रोमीटर आपल्याकडं नाही, पण एक सोपी पद्धत आहे. रिंग नुसती बोअरमध्ये घालायची, पिस्टननं ढकलून सरळ करायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजनं मोजायची. तळाशी बोअर फारसा झिजत नाही, तिथं फट ०.६ मिमी आली. वर, जिथं रिंग सारखी घासते, तिथं १.१. फरक ०.५, त्याला ३.१४ नं भागलं की बोअर वर किती मोठा झालाय ते कळतं, साधारण ०.१६ मिमी. असल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. रिंग वर फाकते, खाली आवळते आणि लवकरच तुटते. पिस्टनच्या डोक्यावर ५० छापलेलं आहे, म्हणजे एकदा बोअरिंग झालेलं. आता ७५ चा पिस्टन घालायचा ठरवला. लेथवाला म्हणाला, ओरखडे तेवढ्यात निघतील.

तो ५० चा पिस्टन कसा आला ते सांगतो. १९९८ साली बेअरिंग बदलायला इंजिन खोललं होतं. मिस्त्री म्हणाला, क्रँकचे दोन्ही ऑइल सील नवे घ्या. मी म्हटलं, बरे दिसतायत की, घाला तेच. चहाभज्याएवढे पैसे वाचवले. टू-स्ट्रोकला क्लचकडचा सील गेला तर इंजिन गिअर ऑइल ओढतं आणि पांढरा धूर मारतं, ते दिसतं तरी. मॅग्नेटकडचा गेला तर हवा ओढतं. पेट्रोल कमी, हवा जास्त, आणि ऑइल पेट्रोलमध्येच असल्यामुळं तेही कमी. इंजिन आतून तापत जातं. एक्सलेटर सोडला तरी आवाज लवकर खाली येत नव्हता. मला वाटलं, गाडी भारी पळतीय.

महिन्याभरात दादा बाजारातून येताना पिस्टन धरला, मागचं चाक जागेवर लॉक झालं. खांद्याचं हाड मोडलं. डावा हात त्यांचा आजही पूर्ण वर जात नाही. सगळ्यांनी रस्त्याला दोष दिला, दादांनीही. सीलचं मला आणि मिस्त्रीला माहीत होतं. मिस्त्री आता नाही.

म्हणून या वेळी सील, दोन्ही क्रँक बेअरिंग आणि पॅकिंग सगळं नवं. दुसरा गिअर उडायचा, बघितलं तर गिअरच्या क्रॉसच्या कडा गोल झालेल्या. तोही नवा, कारण त्याच्यासाठी परत पूर्ण इंजिन फोडावं लागतं. क्लच प्लेटा जुन्याच घातल्या. घसरल्या तर बाहेरून बदलता येतात.

खरी अडचण क्रँकची. पोरगा म्हणाला, "पप्पा, एवढं करताय तर रॉड पण नवा टाका." रॉड वर-खाली ओढून बघितला, अजिबात खेळ नाही. आडवा थोडा हलतो, तो हलायलाच पाहिजे. डिझेलनं धुऊन फिरवला, खरखर नाही, गंज नाही. आणि बाजारात दाखवलेला नवा रॉड मला हातात घेऊनच पटला नाही. शिवाय क्रँक प्रेसवर उघडून परत सरळ बसवणारा माणूस जवळपास राहिला नाही. जुना क्रँक ठेवला. जुना आहे, पण झिजलेला नाही. चुकलो तर इंजिन परत खोलीन, पण तोवर गाडी मीच चालवणार, दुसरं कुणी नाही.

ब्लॉक सोमवारी येईल. दादा रोज विचारतात, कधी सुरू होणार. पोरगा त्यांना ही पोस्ट वाचून दाखवील, त्याच्या आधी सीलचं मला त्यांना सांगावं लागेल. आज संध्याकाळी बघतो.

कुणाकडं चेतकचं जुनं, कंपनीचं क्लच बास्केट पडलेलं असेल तर कळवा. माझ्याच्या खाचा खाल्लेल्या आहेत.