कोण म्हणतंय?

घरात कुठलीही बातमी, सल्ला किंवा तक्रार आली की वडील ताटावरून मान वर न करता एवढंच विचारायचे, "कोण म्हणतंय?" नाव कानावर पडलं की निम्मा निकाल तिथंच लागायचा. नाव वजनाचं असलं तर "मग बरोबर असंल", नसलं तर ते हात धुवायला उठायचे. त्या प्रश्नाचा मला लहानपणी अभिमान वाटायचा. आपले वडील कुणाच्या बोलण्याला भुलत नाहीत, असा त्याचा अर्थ मी लावला होता.

आमचं गाव रहिमतपूर. गावात रणदुल्लाखानाची मशीद आणि कबर आहे, शेजारी हत्तीच्या मोटेचा उंच मनोरा आहे, आणि गावाबाहेर पडलं की आलं, हळद, ऊस. आमच्या आल्याच्या तुकड्याची खालची बाजू सखल होती. मी दहा-बारा वर्षांचा असेन. खुरपायला येणाऱ्या बायकांत एक वयस्क बाई होती, आम्ही तिला मावशी म्हणायचो. मावशी म्हणत असलो तरी तिचा कप वेगळा होता. तो गोठ्याच्या कुडात खोचलेला असायचा आणि आई त्यात वरून चहा ओतायची. एका जूनमध्ये ती वडिलांना म्हणाली, "मालक, खालच्या अंगाला पाणी तुंबतंय. आत्ताच चर मारा, न्हाईतर गड्डा कुजंल." वडील म्हणाले, "आता तू मला शेती शिकीव."

ऑगस्टमध्ये पानं शेंड्याकडून पिवळी पडायला लागली. कोंब धरून जरा ओढला की अलगद हातात यायचा. खाली गड्डा मऊ पडलेला, आणि तो वास. कंदकुजीचा वास ज्याने एकदा घेतला त्याला तो पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही. सखल बाजूचं सगळं आलं गेलं.

पुढच्या वर्षी शेतकी खात्याचे साहेब आले. बांधावर उभे राहून म्हणाले, "पाण्याचा निचरा हवा. खालून चर काढा." त्याच आठवड्यात चर निघाला. वडील भेटेल त्याला सांगत होते, "साहेब म्हणाले, निचरा पाहिजे." मावशी चार हातांवर खुरपत होती. तिने मान वर केली नाही. ती त्या वेळी काय विचार करत असेल हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही, आणि विचारायचं सुचलं तेव्हा ती हयात नव्हती.

पुढे कऱ्हाडला कॉलेजात गेलो. रहिमतपूरहून गाडीत बसलं की तारगाव, मसूर, शिरवडे आणि मग कऱ्हाड. समाजसुधारक आगरकर तिथल्याच टेंभूचे, त्यामुळे त्यांचं नाव हवेत असायचं. त्यांच्यामुळे मी संमतिवयाच्या वादापर्यंत पोचलो आणि तिथं मला वडिलांचा प्रश्न सबंध महाराष्ट्राच्या तोंडी ऐकू आला.

बेहरामजी मलबारींनी १८८४ साली बालविवाह आणि लादलेलं वैधव्य यांवर टिपणं काढली. त्यांवर आलेल्या उत्तरांत एक मोठा भाग असा होता की हा पारशी, याला हिंदूंच्या घरात डोकावण्याचं काय कारण? पुढच्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात याच विषयांवर पत्रं आली, खाली सही होती 'एक हिंदू स्त्री'. ती रखमाबाईंची होती. लहानपणी लावलेलं लग्न आपल्याला बांधत नाही असं म्हणून ज्या कोर्टात उभ्या राहिल्या, आणि १८८७ साली ज्यांना नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला, त्याच या रखमाबाई. म्हणजे पारशाने सांगितलं ते बाहेरचा म्हणून नको होतं, आणि घरातल्या बाईने सांगायचं तर तिला आपलं नाव झाकावं लागत होतं. सांगायचं तरी कुणी?

१८९० च्या सुमारास कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधाने मेली. कायद्यातलं संमतीचं वय दहा होतं, म्हणून बलात्काराचा गुन्हा त्याच्यावर लागू शकला नाही. ते वय बारा करायचं विधेयक आलं. आगरकर त्याच्या बाजूने लढले, टिळक विरोधात. त्या वेळचं सगळ्यात विचार करायला लावणारं वाक्य मला कुठल्या भाषणात सापडलं नाही, ते एका आकड्यात सापडलं. त्याच सुमारास टिळकांनी स्वतः सुचवलं होतं की सुधारकांनी आपणहून बांधून घ्यावं, मुलींची लग्नं सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करायची नाहीत. सरकार बारा म्हणत होतं आणि टिळक सोळा! भांडण वयाचं असतं तर ते मिटायला हवं होतं. ते होतं परक्या सरकारने सांगावं का याचं.

तो प्रश्न खोटा नव्हता. परक्या राज्याला आपल्या घरात कायदा करण्याचा अधिकार आहे का, हे विचारलंच पाहिजे. पण अधिकार कुणाचा हा एक प्रश्न आणि दहा वर्षांच्या मुलीवर हे ओढवावं का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर काहीही येवो, दुसऱ्याचं बदलत नाही. ते दोन एकत्र बांधले की पहिल्याच्या गदारोळात दुसरा ऐकूच येत नाही, आणि तेवढ्या काळात ती मुलगी तिथंच असते. १९ मार्च १८९१ ला कायदा झाला. मी मनाने पूर्ण आगरकरांचा झालो होतो आणि वडिलांच्या प्रश्नातून सुटलो असं धरून चाललो होतो.

मग मी गणिताचा शिक्षक झालो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी चाचणीत पायथागोरसचा सिद्धांत घातला होता. पुस्तकातली सिद्धता समरूप त्रिकोणांची. मागच्या बाकावरच्या, कायम काठावर पास होणाऱ्या एका मुलाने वेगळंच काढलं होतं. एका मोठ्या चौरसाच्या चार कोपऱ्यांत चार सारखे काटकोन त्रिकोण, मध्ये उरलेला तिरपा चौरस, आणि मोठ्यातून चौघांचं क्षेत्रफळ वजा. सिद्धता बरोबर होती. मी ती वाचली सुद्धा नाही. लाल रेघ मारली आणि वर्गात विचारलं, "कुणाचं बघून लिहिलंस?" तो म्हणाला, "सर, फरशीवरनं सुचलं." वर्ग हसला. मी हसू दिलं.

दहावीनंतर तो शिकला नाही. त्याचं कारण मी होतो असं म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही, आणि नव्हतो असं म्हणवत नाही.

कैक वर्षांनी बोर्डाचे पेपर तपासत होतो. क्रमांक झाकणारं होलोक्राफ्टचं स्टिकर, समोर नाव नाही, गाव नाही, शाळा नाही. एका उत्तरपत्रिकेत वेड्यावाकड्या अक्षरात, पुस्तकात नसलेल्या रीतीने एक उदाहरण सोडवलं होतं. मी ओळ न ओळ वाचली, कारण वाचण्याखेरीज दुसरं काही हातात नव्हतं. पूर्ण गुण दिले आणि पेन खाली ठेवलं. फरशी आठवली. त्याच्या उत्तरावरही असंच एखादं स्टिकर असतं तर मी ते वाचलं असतं.

नाव विचारूच नये असं मी म्हणत नाही. औषधाच्या दुकानदाराने फवारणी सुचवली तर तो विकणारा आहे हे ध्यानात ठेवतोच, आणि दुसरीकडे पडताळून बघतो. नाव कळल्याने किती पडताळायचं ते ठरतं. पडताळायचंच नाही, हे त्यावरून ठरवणं मला पटेनासं झालं. आणि याची उलटी बाजू जास्त अवघड आहे. आवडत्या माणसाचं म्हणणं मी कितीदा न तपासता घेतलं, याचा हिशेब लागत नाही, कारण तिथं लाल रेघच उमटत नाही.

निवृत्त होऊन गावी परत आलो तो त्याच तुकड्यावर. वडिलांचा चर केव्हाच बुजला होता. शेजारचं रान चुलतभावाचं. बांधावरून आमची केस चालू आहे आणि आमच्यात बोलणं नाही. त्याने एका तिसऱ्याकडून निरोप धाडला, "दोघांच्या मधनं सामाईक चर काढू, ओढ्याला जोडू. दोघांचं पाणी निघंल." मी विचारलं, "कोण म्हणतंय?" नाव ऐकलं आणि विषय संपवला. असं मी दोन पावसाळे केलं. दुसऱ्या पावसाळ्यात कोंब हातात आला आणि तो वास आला.

त्या रात्री कागद घेऊन दोन्ही रानांचा उतार मांडला. कुठल्याही बाजूने मोजलं तरी पाणी त्याच्याच रेषेतून जात होतं. यंदा मे महिन्यात लागवडीआधी चर निघाला. खर्च निम्मा निम्मा, तोही तिसऱ्याच्याच हातून. केस चालू आहे, तारीख पडते आणि कोर्टाच्या आवारात तो एका झाडाखाली उभा राहतो, मी दुसऱ्या.

ऑगस्टात सलग चार दिवस पाऊस लागला तेव्हा पहाटे बॅटरी घेऊन रानात गेलो. चरातून दोन्ही रानांचं गढूळ पाणी ओढ्याकडे चाललं होतं. पलीकडच्या बांधावर दुसरी बॅटरी हलत होती. ती थोडा वेळ चरावर स्थिरावली, मग माझ्याकडे वळली आणि विझली.